चर्चा धागा : मसल कारचा खरा सामना ताकदीचा की किमतीचा?

वुडवर्डकाठी

मंडळी, ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी दरवर्षीप्रमाणे डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूच्या कडेला खुर्ची टाकून बसलो होतो. त्या दिवशी फर्नडेलपासून पॉन्टिअॅकपर्यंत जुन्या गाड्यांची रांग लागते, आणि फोर्ड, शेवरोले व डॉज यांच्यात सरस कोण हा वाद प्रत्येक झाडाखाली नव्याने सुरू होतो. या वेळी माझ्या शेजारी १९६८ ची प्लिमथ रोडरनर उभी होती. मालकांच्या परवानगीने आत डोकावलो. पुढे बाकासारखी एकसलग सीट, पायाखाली गालिच्याऐवजी काळे रबर, शोभेची म्हणावी अशी एकही वस्तू नाही. आणि बॉनेटखाली मात्र ३८३ क्यूबिक इंचांचे, कागदावर ३३५ अश्वशक्तीचे व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचे, इंजिन. त्या गाडीची तेव्हाची किंमत २,८९६ डॉलर होती. मालक आज पंचाहत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांनी ती विशीत, कारखान्यातल्या पगारावर, हप्त्याने घेतली होती.

घरी येताना मनात आलेला विचार आपल्यापुढे ठेवतो. मोठी इंजिने अमेरिकेत आधीही होती. १९५५ ची क्रायस्लर सी-३०० ही ३०० अश्वशक्तीचीच होती, पण तिला चार हजारांहून अधिक डॉलर मोजावे लागत आणि ती घेणारा माणूस डॉक्टर किंवा कारखानदार असे. ती ताकद पगारदार तरुणाच्या आवाक्यात आली, तेव्हा मसल कार, म्हणजे साध्या गाडीत मोठे इंजिन, जन्माला आली. जनरल मोटर्समध्ये मधल्या आकाराच्या गाड्यांना ३३० क्यूबिक इंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही असा अंतर्गत नियम होता. जनरल मोटर्सच्याच पॉन्टिअॅक या शाखेतले इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली ३८९ चे इंजिन टेंपेस्ट लमाँ गाडीला मूळ इंजिन म्हणून न देता, वर पैसे भरून घ्यायचा पर्याय म्हणून दिले आणि नियमातून वाट काढली. तो जीटीओ पर्याय तीनशे डॉलरच्या आत मिळत होता व पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर गाड्या गेल्या. त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्डने मस्टँग आणली ती २,३६८ डॉलरला, आणि वर्षभरात चार लाखांहून अधिक विकली. शेवरोलेची कमॅरो १९६६ च्या सप्टेंबरात आली ती २,४६६ डॉलरला, म्हणजे मस्टँगच्या किमतीवर नजर ठेवूनच.

पुढे मात्र कंपन्यांचे लक्ष किमतीवरून उडाले आणि एकमेकींच्या आकड्यावर गेले. १९७० ची शेवरोलेची शेव्हेल एसएस ४५४ थेट ४५० अश्वशक्तीवर पोहोचली आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत सगळाच खेळ आटोपला. याच गोष्टीची पुनरावृत्ती आपण डोळ्यांदेखत पाहिली. २०१५ ची डॉज चॅलेंजर हेलकॅट ७०७ अश्वशक्ती, किंमत जवळपास ६०,०००. २०२० ची मस्टँग शेल्बी जीटी५०० ७६० अश्वशक्ती, किंमत सत्तर हजारांवर. २०२३ ची चॅलेंजर डीमन १७० इथेनॉलमिश्रित इंधनावर १,०२५ अश्वशक्ती, किंमत ९६,६६६. आणि २०२३ च्या डिसेंबरात चॅलेंजर व कमॅरो या दोन्ही गाड्यांचे उत्पादन थांबले. माझे ठाम मत आहे की आकड्याच्या शर्यतीने दोन्ही वेळा मूळचा गिऱ्हाईक गमावला. आपल्याला काय वाटते, हे वाचायला आवडेल.

आठ सिलिंडर

वुडवर्डकाठी साहेब, आपण लिहिलेला प्रत्येक आकडा बरोबर आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मुळीच पटत नाही. आपण दोन्ही मृत्यूंचे खापर ताकदीवर फोडता, आणि दोन्ही वेळा खरी कारणे बाहेरची होती.

१९७० चे पाहा. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत स्वच्छ हवेचा नवा कायदा झाला. कमी शिशाच्या पेट्रोलवर इंजिने चालावीत म्हणून जनरल मोटर्सने १९७१ च्या सर्व इंजिनांचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन दाबण्याचे प्रमाण, उतरवले. विमा कंपन्यांनी गाडीचे वजन आणि अश्वशक्ती यांचे गुणोत्तर काढून तरुण चालकांवर जबर अधिभार लावले. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले. या चौघांच्या मध्ये सापडलेली गाडी दोन हजार डॉलरला दिली असती तरी ती वाचली नसती. किंमत कमी ठेवण्याचा प्रयत्न कोणी केलाच नाही, हेही खरे नाही. एएमसीसारख्या लहान कंपनीने १९६९ साली ३१५ अश्वशक्तीची एससी/रॅम्बलर २,९९८ डॉलरला काढली होती. दीड हजारांच्या आसपास गाड्या निघाल्या आणि प्रकरण संपले.

आता अलीकडचे. २००८ साली परत आलेली चॅलेंजर ही वजनदार, रुंद, जुन्या ढाच्यावर बांधलेली गाडी होती. नवा ढाचा तयार करायला कंपनीजवळ पैसा नव्हता. याउलट २०१६ ची कमॅरो हलक्या ढाच्यावर बांधलेली, वळणावर मस्टँगलाही भारी पडणारी, एसएस रूपात ४५५ अश्वशक्तीची. बाजाराने काय केले? कमॅरोचा खप वर्षागणिक घसरत गेला आणि म्हातारी चॅलेंजर तिच्या पुढे निघून गेली. २०२१ साली तर तिने मस्टँगलाही मागे टाकले. हे कशामुळे झाले? हेलकॅटमुळे. हेलकॅट घेणारे थोडेच होते, पण हेलकॅट पाहायला शोरूममध्ये आलेली माणसे व्ही-६ किंवा ५.७ लिटरची आर/टी घेऊन घरी गेली. मोठ्या आकड्याने त्या गाडीला आणखी आठ-नऊ वर्षे जगवले. तो आकडा नसता तर चॅलेंजर २०१६ मध्येच बंद पडली असती, असे मी जबाबदारीने म्हणतो.

मसल कारचा गिऱ्हाईक पगार पाहून गाडी घेत असेल, परंतु स्वप्न तो आकडा पाहूनच बघतो. १९६६ साली रस्त्यावर आलेली ४२६ हेमी, म्हणजे क्रायस्लरचे ४२६ क्यूबिक इंचांचे इंजिन, किती लोकांना परवडली? अगदी मोजक्यांना. तरीही आज साठ वर्षांनी कोणत्या इंजिनाचे नाव मुलांच्या तोंडी आहे, हे आपण वुडवर्डवरच ऐकले असेल. आपल्या शेजारच्या त्या गृहस्थांना पुढच्या वेळी एवढेच विचारा, की हेमी घ्यावीशी वाटली नव्हती का, आणि वाटली असेल तर का घेतली नाही.

हिशेबनीस

दोन्ही बाजू वाचल्या. मला आधी त्या आकड्यांबद्दलच बोलायचे आहे, कारण ज्यावर वाद चालला आहे ती अश्वशक्ती एका जातीची नाही.

१९७१ पर्यंत कंपन्या छापत असत ती ढोबळ, म्हणजे ग्रॉस अश्वशक्ती. इंजिन गाडीतून बाहेर, चाचणीच्या ठाण्यावर. त्यावर एअर क्लीनर नाही, अल्टरनेटरचा भार नाही, धूर बाहेर टाकायला मोकळे पाइप. १९७२ पासून गाडीत बसते तसे, सगळ्या जोडण्यांसकट मोजलेली निव्वळ अश्वशक्ती छापायचे ठरले. १९७१ च्या कमॅरो झी/२८ चे इंजिन ३३० अश्वशक्तीचे होते, तेच १९७२ मध्ये २५५ चे झाले. लोकांना वाटले इंजिन मेले. प्रत्यक्षात त्यातली बरीचशी घट मोजपट्टी बदलल्यामुळे दिसली.

याच्या उलट लबाडीही होती. फोर्डचे १९६८ चे ४२८ कोब्रा जेट इंजिन ३३५ अश्वशक्तीचे म्हणून विकले जाई. चौकशी करणाऱ्या विमा कंपनीला आणि शर्यतीच्या वर्गवारीला तो आकडा सोयीचा होता. पाव मैलाच्या शर्यतीतली वेळ पाहणाऱ्या कोणालाही तो खरा वाटत नसे. जनरल मोटर्सचा आणखी एक नियम होता, की कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार सोडून कोणत्याही गाडीत दर १० पौंड वजनामागे १ पेक्षा जास्त अश्वशक्ती असू नये. त्यामुळे १९६७ च्या पॉन्टिअॅक फायरबर्ड ४०० मध्ये कार्ब्युरेटरच्या जोडणीवर पत्र्याची एक लहानशी पट्टी बसवलेली असे, जेणेकरून दुसरी झडप पुरती उघडू नये आणि आकडा ३२५ वर राहावा. जवळपास तेच इंजिन जीटीओमध्ये ३६० चे होते. गाडी घरी आणली की तरुण मालक पक्कड घेऊन ती पट्टी वाकवत, आणि एका मिनिटात त्यांच्या गाडीची ताकद वाढे. ताकदीचा सामना म्हणतो तो असा कागदावर कधी चढवून, कधी उतरवून लढला गेला.

निव्वळ मोजणी आल्यावरही प्रश्न मिटला नाही. १९९९ च्या मस्टँग कोब्राला ३२० अश्वशक्ती जाहीर झाली होती. मालकांनी गाड्या डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, चढवल्या तेव्हा ती भरेना. फोर्डला विक्री थांबवून, गाड्या परत बोलावून, हवा आत नेणारे इनटेक मॅनिफोल्ड आणि एक्झॉस्टचे भाग बदलून द्यावे लागले.

आता किमतीकडे येतो, आणि येथे वुडवर्डकाठी यांचा मुद्दा मला उलटा दिसतो. रोडरनरचे २,८९६ डॉलर म्हणजे २०२४ चे सुमारे २६,०००. तिला ३३५ ने भागले तर एका अश्वशक्तीला २०२४ चे ७८ डॉलर पडतात. पण ती ढोबळ अश्वशक्ती आहे. निव्वळ मोजणीत पाव भाग तरी कमी धरावा लागेल, म्हणजे २५० च्या आसपास, आणि मग दर शंभर डॉलरच्या पुढे जातो. २०१५ च्या हेलकॅटमध्ये तो तेव्हाच्या डॉलरमध्ये ८५ आहे, २०२४ च्या डॉलरमध्ये ११० च्या आसपास, म्हणजे रोडरनरच्या जवळपासच. २०२४ ची मस्टँग जीटी ४८० अश्वशक्तीची व सुमारे ४२,००० डॉलरची. दर ८८ च्या आत. ज्या काळात गिऱ्हाईक गमावला असे आपण म्हणता, त्या काळातही ताकद १९६८ च्या मानाने फारशी महाग झालेली नव्हती, आणि मस्टँगमध्ये तर ती स्वस्त मिळत होती. शिवाय रोडरनरला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. आजच्या गाडीत डिस्क ब्रेक, एअरबॅग, एबीएस हे सारे त्याच किमतीत येते.

वुडवर्डकाठी

हिशेबनीसजी, आपला हिशेब मी दोनदा करून पाहिला. तो चुकलेला नाही. तरीही तो माझ्या मुद्द्याला लागू होत नाही, कारण अश्वशक्ती किराणा दुकानातल्या डाळीसारखी सुटी मिळत नाही. दर किलोला स्वस्त आहे म्हणून शंभर किलोचे पोते घेण्याची ज्याची ऐपत नाही, त्याला त्या स्वस्ताईचा काय उपयोग? तरुणाला सातशे घोडे अगदी रास्त भावात देऊ केले तरी त्याला एकगठ्ठा साठ हजार डॉलरच द्यायचे असतात.

म्हणून मी तासांत मोजतो. १९६८ साली केंद्राने ठरवलेले किमान वेतन ताशी १.६० डॉलर होते. रोडरनरला १,८१० तास लागत, म्हणजे वर्षाच्या मजुरीपेक्षा कमी. आज ते किमान वेतन ७.२५ डॉलर आहे आणि २०२४ च्या ४२,००० डॉलरच्या मस्टँग जीटीला सुमारे ५,८०० तास लागतात. २०२४ ची सर्वांत स्वस्त मस्टँग सुमारे ३१,००० ला मिळत होती व ३१५ अश्वशक्ती देत होती, हे मला ठाऊक आहे. पण ती चार सिलिंडरची आहे. पगारदार मुलाच्या हाती येणारी व्ही-८ संपली, हे माझे दुःख आहे.

आठ सिलिंडर साहेब, १९७३ बद्दलचे आपले म्हणणे मी मान्य करतो. कायदा आणि तेल यांचा वाटा मी कमी लेखला. पण आपणच विम्याचा उल्लेख केलात. विमा कंपन्यांनी अधिभार लावला तो कशावर पाहून? कंपन्यांनी जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेल्या आकड्यावर. म्हणजे ती शर्यत शेवटी गिऱ्हाइकाच्याच हप्त्यात वसूल झाली. जीटीओ १९६६ साली जवळपास ९७,००० विकली गेली होती. १९७१ साली ती साडेदहा हजारांवर आली, आणि तेल तर त्यानंतर दोन वर्षांनी रोखले गेले.

मला ज्या स्पर्धेचा खरोखर अभिमान वाटतो ती २०१० ते २०१८ मधली. २०१० ची कमॅरो एसएस ४२६ अश्वशक्ती घेऊन सुमारे ३१,००० ला आली, तेव्हा मस्टँग जीटी ३१५ वर अडकलेली होती. फोर्डने एका वर्षात नवे पाच लिटरचे इंजिन आणून ४१२ अश्वशक्ती दिली, आणि किंमत तिशीच्या आसपासच ठेवली. मग ४२०, मग ४३५. त्यावर कमॅरोचे ४५५ आणि त्यावर मस्टँगचे ४६०. ही प्रत्येक पायरी शिकाऊ इंजिनिअरच्या आवाक्याच्या जवळपास होती. मी तेव्हा डिअरबॉर्नला एका पुरवठादाराकडे नोकरीला होतो आणि आमच्या पार्किंगमध्ये नव्याने लागलेल्या मुलांच्या गाड्यांवरून हा सामना रोज दिसत असे.

उत्तरा

या चर्चेत मला थोडे वेगळे सांगायचे आहे, कारण मी या दोन्ही घराण्यांच्या गाड्या वापरल्या आहेत आणि दोन्ही वेळा माझा निर्णय ना आकड्याने ठरला ना किमतीने.

डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला आल्यावर आम्ही पहिल्यांदा १९९८ ची कमॅरो झी२८ घेतली. कॉर्व्हेटच्या घराण्यातले एलएस१ इंजिन, ३०५ अश्वशक्ती, सहा गिअर. त्या वर्षी मस्टँग जीटी २२५ वर होती आणि किमतीत दोघींत फार अंतर नव्हते. वुडवर्डकाठी आणि आठ सिलिंडर या दोघांच्याही मांडणीनुसार त्या काळात कमॅरोने बाजार मारायला हवा होता. प्रत्यक्षात मस्टँग तिच्या दुपटीने, कधी त्याहूनही अधिक विकली जात होती आणि २००२ मध्ये कमॅरो बंद झाली. याचे कारण मला रोज पायाला लागत असे. पुढच्या प्रवाशाच्या पायाखाली एक मोठा उंचवटा होता, कारण त्याखाली धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवला होता. सासूबाई भारतातून आल्या तेव्हा त्यांना एक पाय वर आणि एक खाली ठेवून बसावे लागे. काच इतकी तिरकी, की डॅशबोर्डचे टोक हाताला लागत नसे. दार इतके लांब, की दोन गाड्यांच्या मध्ये गाडी उभी केली तर बाहेर पडायला अंग चोरावे लागे. हिवाळ्यात मुलाची सीट मागे बसवताना पाठीचे काय होत असे, ते येथे लिहीत नाही.

नंतर आम्ही २००५ ची मस्टँग जीटी घेतली. अश्वशक्ती कमॅरोपेक्षा पाचने कमीच, ३००. किंमत सुमारे २५,०००. पण त्या गाडीत सरळ बसता येत होते आणि चहूबाजूंनी दिसत होते. १९७४ चे वर्ष वगळले, तर फोर्डने १९६४ पासून एक गोष्ट सोडली नाही. व्ही-८ ज्याला हवी त्याला व्ही-८, आणि कॉलेजला किंवा शाळेत शिकवायला जाणाऱ्या मुलीला तीच गाडी लहान इंजिनात. दोघींनाही आपली गाडी तितकीच देखणी वाटे. त्या साध्या गाड्यांच्या खपावरच व्ही-८ चा खर्च निघत होता. आठ सिलिंडर यांनी २०१६ च्या कमॅरोचे कौतुक केले आहे. तिच्यात बसून पाहावे. खिडक्या फटीएवढ्या आहेत. जी चूक १९९३ ते २००२ मध्ये केली, तीच दुसऱ्या रूपात पुन्हा केली, आणि शेवटही तोच झाला.

किमतीबद्दल एक अनुभव सांगते. २००७ ची शेल्बी जीटी५०० आली तेव्हा यजमानांना ती फार आवडली होती. ५०० अश्वशक्ती आणि काचेवरच्या चिठ्ठीवर लिहिलेली किंमत आम्हाला ओढूनताणून जमणारी. आम्ही गेलो त्या विक्रेत्याने चिठ्ठीशेजारी स्वतःची दुसरी चिठ्ठी लावली होती आणि तिच्यावर वाढीव रक्कम हजारांत होती. चार ठिकाणी फिरलो, चारही ठिकाणी तोच प्रकार. तेव्हा कंपनीने जाहीर केलेल्या किमतीला अश्वशक्तीने भागून काढलेले दर ज्या गाडीला लागू होतात, ती गाडी सामान्य माणसाला त्या दराने मिळते असे धरून चालू नये.

चाकणकर

भारतातून वाचतो आहे, म्हणून थोडक्यात. उजव्या हाताला स्टिअरिंग असलेली मस्टँग कारखान्यातून निघू लागली ती २०१५ च्या पिढीपासून, आणि २०१६ साली ती भारतात आली तेव्हा दिल्लीतील एक्स-शोरूम किंमत ६५ लाख रुपये होती. अमेरिकेत तेव्हा तीच जीटी बत्तीस-तेहेतीस हजार डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने बावीस लाखांच्या आसपास मिळत होती. ताकदही येथे थोडी कमी, चारशेच्या जरा आत. पूर्ण बांधलेली गाडी आणण्यावरचा कर आणि वाहतूक यांनी ती तिप्पट केली.

हे लिहिण्याचे कारण असे, की वुडवर्डकाठी यांचे म्हणणे मला त्यामुळेच पटते. पुण्यात मी ती गाडी दोनदा जवळून पाहिली. दोन्ही वेळा भोवती गर्दी होती आणि मालक उद्योजक होते. गाडी तीच, आवाज तोच, पण मसल कार या शब्दामागे जो कारखान्यातला पोरगा आहे तो येथे कुठेच नव्हता. किंमत बदलली की त्याच इंजिनाची जातकुळी बदलते.

आठ सिलिंडर

उत्तराताई, आपला अनुभव मी मनापासून मान्य करतो. पायाखालच्या त्या उंचवट्यावर मी स्वतः बसलेलो आहे, आणि कंपनीच्या आराखड्यातील अशा चुकांना माफी नसावी. परंतु त्यातून ताकद गौण ठरते असे मला दिसत नाही. चॅलेंजरची मागची सीट खऱ्या माणसांना पुरेल एवढी होती आणि डिकीही मोठी होती. ताकद आणि बसायला जागा या दोन गोष्टी एकाच गाडीत आल्या, तेव्हा ती जिंकली. आपण दोघे एकाच गोष्टीचे कौतुक दोन बाजूंनी करत आहोत.

वुडवर्डकाठी साहेब, तासांचा हिशेब करताना आपण केंद्राचे किमान वेतन धरले. आपण राहता त्या मिशिगनमध्ये २०२४ साली ते १०.३३ डॉलर होते. त्याने भागले तर मस्टँग जीटीला सुमारे ४,०६६ तास लागतात. १९६८ पेक्षा ते दुपटीहून अधिक आहेत हे कबूल, पण आपण दाखवता तेवढी दरी नाही. आणि जुनी गाडी घेणारा तरुण आपल्या हिशेबात नाहीच. आज तो २०१५ ची जीटी अर्ध्या किमतीत घेतो आणि ४३५ अश्वशक्ती चालवतो, जी १९७० साली कोणाही कारखान्याने खरोखर दिलेली नव्हती, छापलेली असली तरी.

माझ्या बाजूने शेवटचा पुरावा डॉजनेच दिला आहे. २०२४ मध्ये त्यांनी विजेवर चालणारी चार्जर डेटोना आणली. स्कॅट पॅक रूपात ६७० अश्वशक्ती. तरीही गिऱ्हाईक तिच्याकडे फारसा वळला नाही, आणि तिच्या जोडीला कंपनीने सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन असलेली सिक्सपॅक आणली. हे उदाहरण माझ्याच विरुद्ध जाते असे कोणी म्हणेल. आकडा असूनही गाडी चालली नाही ना? मी म्हणतो, आकडा हा त्या व्ही-८ इंजिनाच्या आवाजाचा, थरथरीचा, थंडीत सकाळी सुरू करताना अंगणात होणाऱ्या त्या गुरगुराटाचा हिशेब आहे. जो आकडा बॅटरीतून येतो त्याच्यामागे हे काहीच नसते.

हिशेबनीस

आठ सिलिंडर साहेब, मग आपण आतापर्यंत ज्याला ताकद म्हणत होता ती ताकद नव्हतीच, असे मला नम्रपणे नोंदवावेसे वाटते. ६७० हा ७०७ पेक्षा फारसा लहान आकडा नाही. आपला युक्तिवाद आवाजाचा असेल तर तो तसा मांडावा. मी त्याला विरोध करणार नाही, कारण आवाजाला भागण्याचे सूत्र माझ्याजवळ नाही.

वुडवर्डकाठी

आठ सिलिंडर साहेब, आपण सांगितले होते म्हणून त्या रोडरनरच्या मालकांना मुद्दाम फोन केला. सुदैवाने त्यांनी त्या दिवशी स्वतःचा नंबर दिला होता. रविवारी त्यांच्या गॅरेजमध्ये गेलो. त्यांनी एक फाईल काढली. तीत गाडी मागवतानाचा मूळ कागद आहे, पिवळा पडलेला, घडीवर चिरलेला. त्यावर ४२६ हेमीच्या ओळीपुढे, ७१४ डॉलरच्या शेजारी, पेन्सिलीने केलेली खूण आहे आणि ती खोडलेली आहे.

मी विचारले, सातशे डॉलर जड झाले का? ते म्हणाले, नाही. ते त्यांनी जमवले होते, उन्हाळाभर जादा पाळ्या करून. विम्याच्या एजंटाने वर्षाचा हप्ता सांगितला आणि वडिलांनी तेथेच कागद हातातून घेऊन ती खूण खोडली.

तेव्हा हेमी घ्यावीशी वाटली होती, हा आपला मुद्दा खरा ठरला. ती त्यांना परवडली नाही, हा माझाही ठरला. त्यांनी मला ३८३ सुरू करून दाखवली. गॅरेजच्या पत्र्याच्या फळीवरचे पाने बराच वेळ वाजत होते.